दोन कृष्णवर्णीय मुली अमेरिकेत स्वतःचा म्युझिकल सिनेमा करतायत. एवढा वेळ का लागतोय?

तुम्ही लिहिलंय की लेकीच्या अटलांटातल्या दोन कृष्णवर्णीय मैत्रिणी म्युझिकल सिनेमा करू पाहतायत, लेक त्यांचे हिशेब सांभाळते, आणि बराच काळ गेला तरी शूटिंग काही सुरू होत नाही. शिवाय, 'आपल्याकडे तर गाण्याशिवाय सिनेमाच होत नाही, मग तिथे कसली अडचण?' मी न्यू जर्सीत राहते आणि कमी बजेटच्या सिनेमांचं साउंड एडिटिंग करते. तेव्हा आवाजाच्या बाजूने मला जे दिसतं ते सांगते.

आधी हिंदी सिनेमा बाजूला ठेवा आणि संगीत नाटक आठवा. हिंदी सिनेमातलं एखादं गाणं कापलं तर बऱ्याचदा कुणाला पत्ताही लागत नाही. म्युझिकलमधलं गाणं काढलं तर कथाच अडते, कारण भांडण, कबुली, निरोप हे सगळं त्या गाण्यातच घडत असतं. म्हणजे गाणी पुरी झाल्याशिवाय पटकथा पुरी होत नाही. साध्या स्वतंत्र सिनेमात संगीताचा विचार शेवटी होतो, तोही पैसे उरले तर. इथे गाणी आधी लिहायची, चाली लावायच्या, रेकॉर्ड करायची आणि मग सेटवर जायचं, कारण नट त्याच ट्रॅकवर ओठ हलवणार आणि नाचाची पावलंही त्याच मात्रांवर बसणार. संगीतकार, वादक, स्टुडिओ, तालमीचा हॉल असा खर्च गुंतवणूकदार सापडण्याआधीच सुरू होतो. त्यामुळे वेळ लागतोय याचं मला नवल वाटत नाही.

त्या मुली स्टुडिओकडे का जात नाहीत, हेही तुम्ही विचारलंय. कृष्णवर्णीय कलाकारांचे मोठे म्युझिकल कुणी केले ते बघा: 'द विझ' (1978) सिडनी लुमेटने केला, 'ड्रीमगर्ल्स' (2006) बिल कॉन्डनने. दोघेही गोरे पुरुष. 2023 चा 'द कलर पर्पल' घानाच्या ब्लिट्झ बाझावुलेने केला, तोही पुरुषच. स्टुडिओच्या पैशावर म्युझिकल केलेली कृष्णवर्णीय दिग्दर्शिका म्हटलं की मला पटकन कासी लेमन्स आठवते. तिचा 'ब्लॅक नेटिव्हिटी' 2013 मध्ये आला आणि तिकीटबारीवर फारसा चालला नाही. अशा एका सिनेमाचं अपयश पुढच्या प्रत्येकीच्या खात्यावर मांडलं जातं. पुरुषांचे म्युझिकल काय कमी आपटलेत?

आणि आवाज कुणाचा, हा तिथला जुना सल आहे. 'कार्मेन जोन्स' (1954) मध्ये डोरोथी डँड्रिज नायिका होती. ती स्वतः उत्तम गायिका, नाइटक्लबांमधून नाव कमावलेली. पण संगीत ऑपेराचं, म्हणून पडद्यावर तिच्या तोंडी आवाज घातला मॅरिलिन हॉर्न या तरुण गोऱ्या गायिकेचा. पार्श्वगायन म्हणजे आपल्याला रोजचंच, त्यात आपल्याला काही खुपत नाही. तिथे खुपतं. कृष्णवर्णीय दिग्दर्शिका ज्युली डॅशने 1982 मध्ये याच दुखण्याची उलटी बाजू दाखवणारी 34 मिनिटांची 'इल्यूजन्स' केली: 1942 चं हॉलिवूड, पडद्यावर गोरी नटी आणि काचेआड तिच्यासाठी गाणारी कृष्णवर्णीय मुलगी. (गंमत म्हणजे त्या मुलीचं काम करणारी नटीही प्रसिद्ध जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डच्या आवाजावर ओठ हलवते!) तुमच्या लेकीच्या मैत्रिणींनी हा लघुपट पाहिलेला असणारच.

पुढे डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' 1991 मध्ये आला. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि देशभर थिएटरांत लागलेला हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा मानतात. एवढं होऊनही नंतर तिला काम मिळालं ते मुख्यतः टीव्हीवर.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: गाणी कुणाच्या मालकीची? तयार गाणं वापरायचं तर दोन परवाने लागतात, एक रचनेचा आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. कृष्णवर्णीय दिग्दर्शक चार्ल्स बर्नेटने 'किलर ऑफ शीप' सत्तरच्या दशकात विद्यार्थी असताना केला. त्यात जुनी ब्लूज आणि जॅझची गाणी होती आणि हक्क घेतलेले नव्हते. सिनेमा थिएटरांत रीतसर लागायला 2007 उजाडलं, आणि नुसत्या संगीताच्या हक्कांवर सुमारे दीड लाख डॉलर गेले. तो म्युझिकलही नव्हता. म्हणून मुली नवी गाणी बांधतायत ते शहाणपणाचंच आहे. फक्त नव्या गाण्यांतही मेख असते. मित्र स्टुडिओत बसतो, एक ओळ सुचवतो, कुणी बीट देतं, आणि वर्षभराने प्रत्येकजण म्हणतो, गाणं माझं. यावर उपाय स्प्लिट शीट: कुणाचा किती टक्के वाटा, खाली सह्या. हे काम लेकीने हातात घ्यावं, आणि दोस्तीत शंका कशाला म्हणून टाळू नये.

गाणी आधी हातात असली की काय होतं, त्याचं मला आवडणारं उदाहरण 'नेपच्यून फ्रॉस्ट' हे आहे. अमेरिकन कवी-संगीतकार सॉल विल्यम्स आणि रवांडाची अनिशिया उझेमन या जोडीने तो केला. छायाचित्रणही तिचंच. विल्यम्सचा अल्बम 2016 मध्ये आला होता, त्याच विश्वातून सिनेमा उभा राहिला. किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे जमवले, शूटिंग रवांडात केलं आणि 2021 मध्ये सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवात, डायरेक्टर्स फोर्टनाइट या विभागात दाखवला. किन्यारवांडा, किरुंडी, स्वाहिली, फ्रेंच, इंग्रजी, सगळ्या भाषा एकात. कुठल्या स्टुडिओने होकार दिला असता?

मी मुलींच्या जागी असते तर एकच गाणं निवडून नीट शूट केलं असतं आणि तेच दाखवत फिरले असते. कृष्णवर्णीय दिग्दर्शिका डी रीसने 'पारायह'चा आधी 2007 मध्ये लघुपट केला, मोठा सिनेमा 2011 मध्ये आला. तो म्युझिकल नाही, पण वाट तीच. म्युझिकलची संहिता कागदावर वाचून कुणालाच काही कळत नाही, ऐकवावीच लागते.

पैशांबाबत दोन गोष्टी. जॉर्जिया राज्य (अटलांटा तिथलंच) सिनेमांना देतं त्या करसवलतीवर विसंबू नका, तिला राज्यात किमान पाच लाख डॉलर खर्च व्हावा लागतो आणि पहिल्या सिनेमाचं बजेट बहुधा त्याच्या आतच असतं. त्याऐवजी फिस्कल स्पॉन्सर शोधा, म्हणजे नोंदणीकृत ना-नफा संस्थेमार्फत देणग्या येतात आणि देणाऱ्याला करात सूट मिळते. न्यूयॉर्कची 'विमेन मेक मूव्हीज' 1972 पासून स्त्रियांच्या सिनेमांसाठी काम करते, ती हेही करते.

आणि कॉयर, म्हणजे समूहगायन, चर्चमध्ये रेकॉर्ड करणार असतील तर एसी बंद करून मिळेल का, हे आधी विचारून ठेवा. ती घरघर नंतर काढता काढता कॉयरचा श्वासही निघून जातो, आणि मग माझ्यासारखीला फोन येतो.