पॅरिसमध्ये चार दिवस आहोत, सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. व्हर्साय सोडून जवळपासचे कोणते राजवाडे आणि चर्च पाहण्यासारखे आहेत?

आईंचे गुडघे दुखतात हे प्रश्नातच लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरच सगळं ठरतं. मी गेली काही वर्षं पॅरिसजवळ राहतो. घरी पाहुणे आले की त्यांना सगळ्यात आधी सां-दनीच्या बॅसिलिकेत नेतो. मेट्रोच्या १३ नंबरच्या लाइनवर बॅसिलिकेच्या नावाचंच स्टेशन आहे. तिथून चर्च अगदी जवळ, आईंना फार चालावं लागणार नाही.

जुन्या गोव्यातली चर्च तुम्ही पाहिली असतील. जांभ्या दगडाच्या जाडजूड भिंती, त्यात बेताच्या खिडक्या. सां-दनीत शिरल्यावर भिंत गेली कुठे असा प्रश्न पडतो. सुजे नावाच्या मठाधिपतीने वेदीमागचा भाग नव्याने बांधवला, त्याचं लोकार्पण ११४४ साली झालं. टोकदार कमानी आणि फासळ्यांसारख्या दगडी पट्ट्या छताचा भार खांबांवर आणतात, म्हणून मधली जागा काचेला मोकळी राहते. पुढे युरोपभर पसरलेल्या गॉथिक शैलीची सुरुवात इथली मानतात. सकाळी ऊन असताना गेलात तर लाल-निळा उजेड फरशीवर पडलेला दिसेल.

फ्रान्सचे बहुतेक राजे इथेच पुरले गेले. समाध्यांवर त्यांचे दगडी पुतळे निजलेले आहेत, काहींच्या पायाशी कुत्रा, काहींच्या पायाशी सिंह. बारावा लुई आणि राणी अ‍ॅन यांच्या समाधीपाशी मात्र नक्की थांबा. वर दोघं राजवेशात गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, आणि खाली तीच दोघं, उघडी, मेलेली. वाकून पाहा: प्रेतं टिकवण्यासाठी पोट चिरून पुन्हा शिवलं, ते टाकेसुद्धा शिल्पकाराने संगमरवरात कोरलेत. माझे वडील तिथे बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "राजालासुद्धा सोडलं नाही रे." १७९३ साली क्रांतिकारकांनी या कबरी उकरून हाडं खड्ड्यात टाकली. राजेशाही परतल्यावर ती पुन्हा आत आणली, पण कोणाची कुठली हे सांगणं अशक्य होतं. म्हणून तळघरात सगळी एकत्र ठेवली आहेत आणि बाहेर फक्त नावांच्या पाट्या आहेत. तळघराला पायऱ्या आहेत, आईंना वरच बसू द्या.

दुसरं ठिकाण व्हो-ल-व्हिकोंत. शक्य असेल तर हे व्हर्सायच्या आधी पाहा, माझा आग्रहच आहे. अर्थखातं सांभाळणाऱ्या फुकेने हा वाडा बांधला आणि १७ ऑगस्ट १६६१ ला चौदाव्या लुईला इथे थाटाची मेजवानी दिली. तीन आठवडेही झाले नाहीत तोच फुके कैदेत गेला, आणि १६८० साली कैदेतच वारला. मेजवानीमुळे राजा चिडला असं लोक सांगतात, पण फुकेला खाली ओढायचं आधीपासूनच शिजत होतं. राजाने त्याचे वास्तुकार, चित्रकार आणि बागकार, म्हणजे ल व्हो, ल ब्रं आणि ल नोत्र, व्हर्सायच्या कामाला लावले. व्हर्साय उगवलं कुठून, ते इथे कळतं. बागेत ल नोत्रची एक करामत आहे: पायऱ्यांवरून बघितलं तर कुंडापलीकडची गुहा अगदी जवळ वाटते, चालत गेलात की मध्ये अख्खा कालवा आडवा येतो. तिथवरचं चालणं लांबचं आहे, आईंना वरूनच बाग दाखवा. हिवाळ्यात वाडा बराच काळ बंद असतो, तारखा बघूनच बेत करा.

फोंतेनब्लोच्या राजवाड्यालाही जाता येईल. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून आगगाडीने पाऊण तास, पुढे बस. १८१४ साली नेपोलियनने जिथे सैनिकांचा निरोप घेतला तो घोड्याच्या नालेसारखा जिना अंगणातच आहे, आणि गर्दी व्हर्सायपेक्षा खूपच कमी.

व्हर्सायबद्दल थोडक्यात: तिकीट वेळेसकट आधीच काढा. आरशांचा महाल ७३ मीटर लांब आहे, पण गर्दीत आरसे कमी आणि डोकी जास्त दिसतात. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. पुढच्या अंगणात दगडी फरसबंदी आहे, आईंना जाड तळव्याचे बूट घाला. बागेत छोटी गाडी फिरते, तिचे पैसे वाचवू नका.

व्हर्साय सोमवारी बंद, फोंतेनब्लो मंगळवारी बंद. सां-दनीत रविवारी सकाळी प्रार्थना असते, समाध्यांचा भाग दुपारी उघडतो. तुमचे चार दिवस कोणत्या वारी येतात ते कळवलंत तर क्रम लावून देतो.