न्यू यॉर्कमध्ये कलावंतांना मिळणाऱ्या अनुदानित स्टुडिओसाठी उत्पन्नाची अट कशी मोजतात? पतीचा पगार धरतात का?

आपण दिलेली माहिती अशी आहे: आपण चित्रकार आहात, सध्या शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत राहता, गेल्या वर्षी आपल्या चित्रांची विक्री ३०,००० डॉलरची झाली आणि पतीचा पगार ९५,००० डॉलर आहे. घरात दोघेच आहात. आपले स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असल्यामुळे आपण पात्र ठराल, असा आपला अंदाज आहे. मी क्वीन्समध्ये फ्रीलान्सर आणि कलावंत मंडळींची करविवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे असे अर्ज वारंवार पाहण्यात येतात. ज्या योजनेचा आपण विचार करीत आहात, तिच्यात आपण बहुधा बसणार नाही. मात्र त्याचे कारण कळले, तर पुढे कुठे अर्ज करावा हेही कळेल.

‘अनुदानित स्टुडिओ’ म्हणून ज्यांचे नाव सांगितले जाते, त्यांतील बहुतेक प्रसिद्ध जागा कायद्याच्या दृष्टीने स्टुडिओ नसून घरे आहेत, म्हणजे राहायचे आणि तिथेच काम करायचे. पूर्व हार्लेममधील पी. एस. १०९ ही जुनी शाळेची इमारत दुरुस्त करून तिथे कलावंतांसाठी ८९ घरे केली, तेव्हा ५३,००० हून अधिक अर्ज आले होते. परवडणारी घरे बांधणाऱ्यांना अमेरिकेचे केंद्र सरकार जी गृहनिर्माण करसवलत देते, तिच्यातून अशा इमारतींना पैसा मिळतो. त्या सवलतीच्या घरांत ‘साहित्य किंवा कलेच्या कामात असलेल्यांना’ प्राधान्य देण्याची स्पष्ट मुभा २००८ च्या कायद्याने मिळाली. तात्पर्य, कलावंत असणे हे फक्त रांगेत पुढे येण्याचे कारण आहे. उत्पन्नाची चाळणी इतर कोणत्याही परवडणाऱ्या घराला असते तीच राहते. आणि ती चाळणी व्यक्तीला लागत नाही, त्या घरात राहणार असलेल्या संपूर्ण कुटुंबाला लागते. विवरणपत्रे वेगवेगळी भरली, तरी त्याने काही फरक पडत नाही.

मर्यादा ठरते ती त्या भागातील मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या टक्केवारीवर. तिला इकडे सगळे ‘एएमआय’ म्हणतात आणि केंद्राचे गृहनिर्माण खाते ती दरवर्षी जाहीर करते. न्यू यॉर्क शहरासाठी २०२५ मध्ये, अशा घरांना सर्वसाधारणपणे लागणारी साठ टक्क्यांची मर्यादा एका व्यक्तीला ६८,०४० डॉलर, दोघांना ७७,७६० आणि तिघांना ८७,४८० होती. पतीचा पगार एकटाच दोघांच्या मर्यादेच्या वर जातो, त्यामुळे आपले उत्पन्न मोजण्याची वेळच येत नाही.

तरीही ते कसे मोजतात हे सांगतो, कारण बहुतेक कलावंतांची गल्लत इथेच होते. विक्रीचे ३०,००० हे उत्पन्न नव्हे. खर्च वजा जाता उरणारा नफा धरतात. समजा, गॅलरीचे कमिशन १०,०००, रंग, कॅनव्हास आणि फ्रेम यांचे ५,००० आणि सध्याच्या स्टुडिओचे भाडे ६,००० असेल, तर ९,००० उरतात. करविवरणपत्राच्या शेड्यूल सी या पानावर एकतिसाव्या ओळीत हाच आकडा येतो. पण तपासणारा अधिकारी ती ओळ जशीच्या तशी उचलत नाही. आपण छापचित्रांसाठी यंत्र घेतले असेल, तर कराच्या हिशोबात त्याची पूर्ण किंमत एकाच वर्षी वजा करण्याची सोय असते. पात्रतेच्या हिशोबात मात्र दरवर्षी सारखा घसाराच धरला जातो. कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते आणि व्यवसाय वाढवण्यासाठी केलेला खर्चही वजा होत नाही. व्यवसायात तोटा झाला असेल, तर तो शून्य धरतात. तो पतीच्या पगारातून वळता करता येत नाही. शिवाय मोजायचे असते ते येत्या बारा महिन्यांचे अपेक्षित उत्पन्न, गेल्या वर्षीचे नव्हे. जुनी विवरणपत्रे मागतात ती हा अंदाज पटण्यासाठी, म्हणून एका वर्षी एकदम चार चित्रे विकली गेली असतील, तर ते नेहमीचे नाही हे कागदाने दाखवावे लागते. पुन्हा मिळणार नसलेली रक्कम उत्पन्नातून वगळता येते, पण फ्रीलान्स कामाच्या मिळकतीला ही सवलत नाही. ती कधी येते, किती येते याचा नेम नसला, तरी येत्या वर्षाच्या अंदाजात ती मोजली जाते. नियमात तसे स्पष्टच लिहिले आहे. आपल्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडला की विषय मिटतो. इथे असा एक दाखला नसतो. विवरणपत्रे, बँकेची खाती, गॅलरीचे करारनामे आणि कामांची पत्रे एकमेकांशी जुळली, तरच आकडा मान्य होतो.

आता समजा, आपण एकट्या राहत असता. मग ९,००० डॉलर उत्पन्नावर घर मिळाले असते का? तेही कठीण आहे, आणि ही बाब फार थोड्यांच्या लक्षात येते. अशा घरांच्या जाहिरातीत कमाल उत्पन्नाशेजारी किमान उत्पन्नही दिलेले असते, कारण भाडे भरण्याची ऐपत पाहिली जाते. करसवलतीच्या घरांचे कमाल भाडे मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या हिशोबाने ठरते, आपल्या प्रत्यक्ष उत्पन्नाच्या नव्हे. म्हणून कर वाचवण्यासाठी प्रत्येक पावती खर्चात टाकणारा कलावंत कागदावर इतका गरीब दिसतो की तळाच्या रेषेखाली जातो. भाड्याचे सरकारी व्हाउचर हाती असेल, तर किमान उत्पन्नाची अडचण उरत नाही. ४३ व्या रस्त्यावरील मॅनहॅटन प्लाझासारख्या ठिकाणी, जिथे सेक्शन आठचे, म्हणजे केंद्र सरकारचे भाड्यासाठीचे अनुदान आहे, भाडे खऱ्या उत्पन्नाच्या तीस टक्के असते, म्हणून तिथले गणित वेगळे होते. मात्र ती इमारत मुख्यतः नट, वादक, नर्तक अशा रंगमंचीय कलावंतांसाठी आहे, चित्रकारांचा तिथे पाड लागत नाही.

आपल्या मंडळींसाठी दोन मुद्दे वेगळे सांगावेसे वाटतात. पुण्यातून आईवडील दरमहा पैसे पाठवत असतील, तर ते उत्पन्नात येतात. लग्नात एकदाच मिळालेला आहेर येत नाही. ठाण्यातील फ्लॅटचे भाडे येत असेल, तर तेही उत्पन्नच. फ्लॅट रिकामा असला, तरी तो मालमत्ता म्हणून लिहावा लागतो आणि एकूण मालमत्ता ठरावीक रकमेच्या वर गेली, तर त्यावर काल्पनिक उत्पन्न धरले जाते. वाटणी न झालेले वडिलोपार्जित घर, जे एकट्याने विकण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही, ते वगळले जाऊ शकते, पण त्याचे कागद इंग्रजीत भाषांतर करून तयार ठेवावेत. नागरिकत्वाची अट करसवलतीच्या कायद्यात नाही. व्हिसाचा प्रश्न निराळ्या बाजूने येतो: काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-४ व्हिसावर चित्रविक्रीचा नफा विवरणपत्रात दाखवणे म्हणजे आपणच लेखी पुरावा देणे. तसे असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे.

आधीच राहत असलेल्यांना एक दिलासा आहे. नंतर उत्पन्न वाढले म्हणून घर काढून घेत नाहीत. ते मर्यादेच्या १४० टक्क्यांच्या वर गेले, तरी भाडेकरू राहतो. फक्त इमारतीतील पुढचे रिकामे होणारे घर पात्र कुटुंबाला द्यावे लागते.

मॅनहॅटनच्या सोहो आणि नोहो भागांतील कलावंतांच्या लॉफ्टचा, म्हणजे जुन्या कारखान्यांतील राहण्या-कामाच्या प्रशस्त जागांचा, उल्लेख आपण केला आहे. तिथे शहराच्या सांस्कृतिक खात्याचे कलावंत-प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी कामाची निष्ठा पाहतात, यश किंवा कमाई पाहत नाहीत. उत्पन्नाची अट नाही, पण किंमतही बाजारभावाची आहे, त्यामुळे हा पर्याय आपल्या कामाचा नाही.

आपल्यासाठी उरतो तो फक्त कामाच्या जागेचा मार्ग. शहराने २०१५ मध्ये कलावंतांसाठी दहा वर्षांत १,५०० घरे आणि ५०० कामाच्या जागा असे उद्दिष्ट जाहीर केले होते, आणि ब्रुकलिनमधील सनसेट पार्कच्या शहराच्या मालकीच्या आर्मी टर्मिनलमध्ये आर्टबिल्ट ही संस्था असे स्टुडिओ चालवते. या जागांत मुक्काम करता येत नाही आणि त्यामुळे घरांच्या कायद्याची कौटुंबिक उत्पन्नाची चाळणीही आपोआप लागत नाही. ती लावायची की नाही, कशी लावायची, हे त्या त्या योजनेच्या अटींवर ठरते. अर्ज भरण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: उत्पन्न अर्जदाराचे पाहता की कुटुंबाचे, विक्री धरता की नफा, आणि न्यू यॉर्क शहरातील रहिवासी असणे बंधनकारक आहे का. जर्सी सिटीचा पत्ता असल्यामुळे तिसरे उत्तर आधी मिळवा, रहिवास बंधनकारक निघाला, तर पहिल्या दोन प्रश्नांसाठी कागद गोळा करण्यात वेळ जाणार नाही.