वेलांटी आधी की अक्षर आधी?

वाचकांचे प्रश्न : लिहिताना अडखळणारी मुलं आणि यंत्राची मदत

मुलगा पाचवीत, मराठी माध्यमात आहे. अध्ययन अक्षमतेचं निदान झालंय. सिंहगडाची सहल तोंडी सांगायला लागला की थांबत नाही. वहीत मात्र तीन ओळी, त्याही जोडाक्षरं गाळून. मोबाइलवर बोलून टाइप करायला शिकवलं तर हाताने लिहिणं कायमचं सुटेल का? – एक आई, धायरी

सुटणार नाही, पण एक पथ्य पाळावं लागेल. निबंध सुचणं आणि अक्षर-शुद्धलेखन जमणं ही दोन वेगळी कामं आहेत. वहीत त्याला दोन्ही एकदम करावी लागतात आणि सगळी ताकद दुसऱ्यात संपते. निबंधाच्या दिवशी फोन घ्या. शुद्धलेखनाच्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत.

अँड्रॉइड फोनवर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये 'भाषा' उघडून मराठी कीबोर्ड जोडा. स्पेसबारवर 'मराठी' दिसतंय याची खात्री करूनच माइक दाबा. इंग्रजी चालू राहिलं तर मराठी वाक्याची रोमन अक्षरांत भेळ होते आणि मुलाला वाटतं आपणच चुकलो. पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळतो तसला वायरवाला, माइक असलेला साधा इअरफोन पुरतो. तो नसेल तर फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि डोक्यावरचा पंखा बंद करा.

पण आधी माइक नाही, कागद. चार चौकोन आखा आणि प्रत्येकात एकच शब्द किंवा चित्र काढू द्या: बस, पुणे दरवाजा, पिठलं-भाकरी, पाऊस. मग एका चौकोनाची दोन वाक्यं, एका वेळी एकच वाक्य. मनात जुळवायचं, माइक दाबून बोलायचं, थांबायचं आणि पूर्णविराम बोटाने द्यायचा. तोंडाने 'पूर्णविराम' म्हटलं तर बहुधा तो शब्दच उमटतो. ही अडचण पथ्यावरच पडते, कारण वाक्य कुठे संपलं हे मुलालाच ठरवावं लागतं. सगळं एका दमात बोलू दिलंत तर 'आणि मग, आणि मग' करत ऐंशी शब्दांची एकच शेपटी हाती येते. ती तोडून वाक्यं करणं त्याला पहिल्यापासून लिहिण्याहून जड जातं.

खरी गोची यापुढे आहे. यंत्राने 'पिठलं'च्या जागी भलतंच काही लिहिलं तर वाचनात अडखळणाऱ्या मुलाला ते डोळ्यांनी सापडत नाही, कानाने सापडतं. फोनच्या सुलभता सेटिंगमधलं 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करा, आवाजाची भाषा मराठी ठेवा, वेग थोडा कमी करा आणि एकेक वाक्य ऐकवा. आवाज हिंदी वळणाचा आला आणि 'ळ' नीट ऐकू येईना, तर मराठी आवाज डाउनलोड झालेला नाही असं समजा. गळलेला किंवा भलता शब्द ऐकून लगेच कळतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कळत नाही, कारण 'दिन' आणि 'दीन' यंत्र जवळपास सारखेच वाचतं. तेवढ्या जागा तुम्ही पेन्सिलीने अधोरेखित करा. एका निबंधात तीनच, जास्त नकोत.

चौकोनांना पाच मिनिटं, बोलायला पाच, ऐकून दुरुस्त करायला दहा. शेवटी त्याला आवडलेली दोनच वाक्यं स्वतःच्या हाताने वहीत. अख्खा निबंध उतरवून घेऊ नका, नाहीतर फोन ही शिक्षेची पहिली पायरी होऊन बसेल.

एक गोष्ट राहिली. घरची बोली 'व्हतं', 'नाय' अशी असेल तर फोन ती मुकाट्याने प्रमाण मराठीत बदलतो किंवा तिथे दुसराच शब्द घालतो. मुलाच्या उच्चाराला दोष न देता तेवढा शब्द हाताने टाइप करू द्या.

सातवीतली विद्यार्थिनी हुशार आहे, पण अक्षर लागत नाही आणि दहा मिनिटांत हात दुखतो. संगणक कक्ष आहे. मराठी टायपिंग इन्स्क्रिप्टने शिकवू की इंग्रजी अक्षरांनी? आणि दहावीला संगणक मिळेल का? – शिक्षिका, येरवडा

मराठी माध्यमाच्या मुलीला इन्स्क्रिप्ट, म्हणजे कळांवर थेट देवनागरी अक्षरं. इंग्रजी अक्षरांनी टाइप करायचं तर आधी मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागतं. 'त' की 'ट', 'श' की 'ष' हा घोळ वर येतोच. म्हणजे एक ओझं उतरवून दुसरं चढवलं. इंग्रजी माध्यमातल्या, आधीच भराभर टाइप करणाऱ्या मुलांना ती पद्धत चालते.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत डावीकडून ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा, हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), पहिली वेलांटी, पहिला उकार. पुढे प, र, क, त, च, ट. एवढ्यावर पहिल्याच आठवड्यात 'रोप', 'कोट', 'पत्र', 'चक्र' लिहून होतात, म्हणजे जोडाक्षर पहिल्या दिवसापासून.

अशा मुलींच्या बाबतीत इथे एक गंमत घडते. हाताने 'सूर्य' लिहिताना रफार सगळ्यात शेवटी, 'य'च्या डोक्यावर जातो, पण उच्चारात 'र' आधी येतो. रफार गळतो तो बऱ्याचदा याच उलटापालटीत. कीबोर्डवर क्रम कानासारखाच: स, दीर्घ उकार, र, हलन्त, य. वेलांटीचंही तेच. वहीत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, कीबोर्डवर आधी अक्षर, मग वेलांटी. हे पहिल्याच तासाला सांगा, नाहीतर मुलं आधी वेलांटी दाबतात, पडद्यावर तुटक वर्तुळ उमटतं आणि 'कीबोर्ड बिघडलाय' अशी तक्रार येते. 'दुसऱ्या'मधला ऱ वेगळा आहे: शिफ्ट धरून 'र'ची कळ, मग हलन्त, मग य. साधा 'र' घेतला तर 'दुसर्या' होतं.

विंडोजमध्ये भाषा जोडताना 'मराठी' आणि 'मराठी फोनेटिक' असे दोन कीबोर्ड दिसतील. पहिला घ्या. अदलाबदल विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबून. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण निबंध लगेच देऊ नका. सुरुवातीचे काही आठवडे टायपिंग हातापेक्षाही हळू चालतं आणि तिथेच शाळा प्रयोग गुंडाळतात. दर शुक्रवारी पाच मिनिटांत किती शब्द झाले एवढंच टिपून ठेवा. हाताच्या बरोबरीने आले की मग उतारे द्या.

फाँटबद्दल दोन शब्द. अक्षरं मोठी ठेवा, १६ ते १८; ओळींमधलं अंतर दीड. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. ती युक्ती रोमन लिपीसाठी सांगतात, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. शब्दांमध्ये दोन स्पेस द्या. फाँटातला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, म्हणजे हिंदी नव्हे तर मराठी वळणाचा आहे ना, तेही बघा. पुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरंच रूप दिसलं तर या मुलांना ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

दहावीबद्दल: केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक आणि शक्य तिथे संगणकाचा पर्याय होता. आता मंडळाच्या परीक्षेत प्रत्यक्ष काय मिळेल, हे शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडून नववीतच लेखी विचारून घ्या. लेखनिक मिळणार असेल तर त्याचाही सराव लागतो. माइकला सांगणं वेगळं आणि माणसाला 'इथे नवा परिच्छेद' असं सांगणं वेगळं.

बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ फोन वाचून दाखवत नाही, काहीतरी बरळतो. – पालक, हडपसर

फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) नसला की असं होतं. पडद्यावर 'कमळ' दिसतं, आत दुसरीच चिन्हं असतात. हवं ते एक पान स्क्रीनशॉट घेऊन गूगल ड्राइव्हवर चढवा (फाइल २ एमबीच्या आत) आणि संगणकावर 'ओपन विथ' करून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर येतो. जोडाक्षरं आणि अनुस्वार एकदा तपासून मगच मुलाला द्या. रंगीत पार्श्वभूमीवरच्या कवितांचा मात्र बोजवारा उडतो. त्या सरळ टाइप करा.

कर्णबधिर विद्यार्थी, सांकेतिक भाषा उत्तम. पण लिहितो 'मी शाळा जातो', 'रस्ता पाणी आहे'. कोणतं अॅप वापरावं? – विशेष शिक्षक, पिंपरी

अॅपपेक्षा आधी चूक बघू. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, त्यात आपल्या विभक्तीचे प्रत्यय नाहीत. आणि 'शाळेत'मधला 'त' ओठांवरही धड दिसत नाही. त्यामुळे सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दाचं बदललेलं रूप, त्याला कुठून भेटणार? ते डोळ्यांनीच भेटवावं लागेल.

स्लाइडवर तीन रंगांचे तीन चौकोन करा: मूळ शब्द, बदललेलं रूप, प्रत्यय किंवा 'वर'सारखं शब्दयोगी अव्यय. रस्ता – रस्त्या – वर. शाळा – शाळे – त. बाजार – बाजारा – त. शनिवारवाडा – शनिवारवाड्या – त. चौकोन बोटाने ओढून जुळवू द्या. एका आठवड्याला एकच प्रत्यय, आणि शब्द गटागटाने: आधी रस्ता-डबा-वाडा, मग शाळा-भाषा. सरमिसळ केली की नियम दिसेनासा होतो.

निबंधासाठी त्याचं संकेतांत सांगणं अर्धा मिनिट व्हिडिओवर घ्या. तो स्वतः व्हिडिओ थांबवत एकेक तुकडा लिहील. विषय डोक्यात धरून ठेवण्याचा ताण जातो, लक्ष फक्त मराठीवर राहतं. व्हिडिओतला शब्दक्रम 'दुरुस्त' करू नका. ती चूक नाही, ती त्याची भाषा आहे. संकेत अडला तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश आहे.

आणि कीबोर्डवरच्या शब्दसूचना बंद ठेवा. 'शाळे' टाइप करताच 'शाळेत', 'शाळेला', 'शाळेची' अशी रांग लागते आणि मूल पहिल्यावर बोट ठेवतं. शिकायचं होतं तेच नेमकं फोन करून टाकतो.

नातू नववीत आहे, लिहायचा कंटाळा. चॅटजीपीटीकडून निबंध घेतो. पूर्ण बंदी घालू? – आजोबा, सदाशिव पेठ

बंदी टिकत नाही. काम बदला. त्याच्यासमोर बसून मराठीत असं टाइप करायला सांगा: 'मला निबंध लिहून देऊ नकोस. माझ्या विषयावर एका वेळी एकच प्रश्न विचार, एकूण सहा. माझ्या उत्तरातले शब्द बदलू नकोस.' सहा उत्तरं झाली की कच्चा मसुदा तयार, तोही त्याच्याच शब्दांत. यंत्र मध्येच 'मी परिच्छेद करून देऊ का?' विचारतं. तिथे 'नको' लिहायचं. पहिले काही दिवस ते 'नको' तुम्हीच टाइप करा.