विमान उतरताना वारा अचानक पडला तर?

प्रश्न: माझी मुलगी सेस्ना 172 वर विमान चालवायला शिकते आहे. 17 फेब्रुवारी 2025 ला टोरांटोच्या धावपट्टीवर उलटं झालेलं विमान टीव्हीवर पाहिल्यापासून तिच्या आईच्या जिवाला घोर लागला आहे. वाऱ्यात छोटं विमान उतरवणं एवढं धोक्याचं असतं का?
— एक वडील, सांगली

उत्तर: त्या विमानातले सगळे 80 जण वाचले, हे आधी वहिनींना सांगा. ते सीआरजे-900 हे प्रवासी जेट होतं, तुमच्या मुलीच्या चार आसनी सेस्नापेक्षा कितीतरी मोठं. त्या दिवशी वारा होता 28 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), मधूनच 35 पर्यंत उसळणारा आणि उजवीकडून तिरका. प्राथमिक अहवालानुसार टेकताना विमान मिनिटाला सुमारे 1,100 फूट वेगाने खाली येत होतं. उजवं चाक आधी टेकलं, त्याचा आधार मोडला, पंख निखळला.

नुसत्या जोराच्या वाऱ्याची मला फारशी भीती वाटत नाही. एकसारखा समोरून येत असेल तर तो मदतच करतो. घात होतो तो झोत अचानक ओसरला की. पंखांवरची हवा तेवढ्यापुरती कमी होते आणि विमान धपकन खाली बसतं. 172 उतरते साधारण 65 नॉटने. त्यातले 10 गेले तर केवढे गेले, बघा. म्हणून आम्ही शिकवतो, वारा 12 आणि झोत 20 असेल तर फरकाचा निम्मा, म्हणजे 4 नॉट, जास्तीचा वेग ठेवायचा.

आडव्या वाऱ्याचं गणित वेगळं. धावपट्टीशी 30 अंश कोनातून 20 नॉट वारा आला तर त्यातला 10 नॉट आडवा. 172 मध्ये 15 नॉटपर्यंतचा आडवा वारा चाचणीत पेललेला आहे, पण तो कसलेल्या वैमानिकाने. नवशिक्याला सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, सोडताना कुठलाही शहाणा इन्स्ट्रक्टर हात राखूनच सोडतो.

आणि चाकं टेकली म्हणजे सुटलो, असं मुळीच नाही! पोरं इथेच सैल पडतात. 172 चे पंख वर असतात. छत्रीत शिरावा तसा वारा एका पंखाखाली शिरतो आणि विमान कलतं. म्हणून धावपट्टीवर वेग ओसरेपर्यंत योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, वाऱ्याच्या बाजूला वळवलेलाच हवा; पार्किंगकडे जाताना वारा मागून येऊ लागला तर मात्र उलट्या बाजूला.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं: पूर्ण थ्रॉटल, नाक सांभाळून वर, फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) टप्प्याटप्प्याने आत. इंधनाचे दोन पैसे जास्त जातात, जाऊ देत. काही ठिकाणी गो-अराउंड केला की पोरांची थट्टा होते, त्याची मला चीड येते. मुलीच्या क्लबात तसं चालतं का, एवढं तिला विचारून घ्या. बाकी एप्रिल-मेमध्ये दुपारी जमीन तापली की आपल्याकडे देशावर हवा उसळते, तेव्हा तिने सकाळचीच वेळ मागून घ्यावी.