सुरुवातीचे ख्रिस्ती शनिवारचा शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळायचे का, की तेव्हापासूनच रविवार?

दोन्हीकडे मुद्दे आहेत, त्यामुळे समोरच्याला लगेच खोटं पाडू नका. पहिले ख्रिस्ती बहुतेक यहुदीच, प्रेषित पौल स्वतः शब्बाथला यहुद्यांच्या सभास्थानात जाऊन बोलायचा, पण त्रोवस शहरात ख्रिस्ती मंडळी भाकर मोडायला (म्हणजे प्रभुभोजनाला) जमली ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी (तिथेच युतुख नावाचा पोरगा पौलाचं लांबलेलं बोलणं ऐकता ऐकता पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून पडला, वाचला बिचारा). मला आवडतो तो जस्टिन, इ.स. 150 च्या आसपासचा ख्रिस्ती लेखक, स्वतः रविवारवाला, शब्बाथची गरजच नाही म्हणणारा, तरी लिहितो की यहुदी ख्रिस्ती भावाला पाळायचा असेल तर पाळू दे, तो आपलाच, फक्त दुसऱ्यावर सक्ती नको, आणि हेही सांगून टाकतो की काही ख्रिस्ती अशा लोकांशी बोलतसुद्धा नाहीत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवार आणला असं बरेच जण ठोकून देतात, ते चूक, त्याने सुट्टीचा कायदा केला (शेतकऱ्यांना त्यातून सूट होती बरं का), उपासना आधीपासूनच चालू होती. आणि पाचव्या शतकातला सॉक्रेटिस, तत्त्वज्ञ नव्हे, चर्चचा इतिहास लिहिणारा, तो तर म्हणतो की बहुतेक मंडळ्या शनिवारीही प्रभुभोजन करतात, रोम आणि अलेक्झांड्रियावाले सोडून.