सगळं एकटीनेच करणारी मुलगी

“गटात पाच जण, राबते आमची एकटीच. मार्क मात्र सगळ्यांना सारखे!” शाळेत प्रकल्प सुरू झाले की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. पालकांचा राग खोटा नसतो. पण त्यात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं, आणि मूल नेमकं त्या कौतुकात अडकतं.

आठवीतली एक मुलगी, तिला सई म्हणू. आईची मागणी सरळ होती: शाळेला पत्र द्या, हिला एकटीला प्रकल्प करू द्या. सई पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

“बाकीच्यांना काय काम सांगितलं होतंस?” मी विचारलं.

“सांगून काय होणार? मी केलं की पटकन होतं.”

बरेच दिवस आमची गाडी इथेच अडली होती. मग एकदा बोलता बोलता निघालं की गटातल्या एका मुलाने चित्रं काढून आणली होती. सईने ती दप्तरात ठेवली आणि रात्री बसून सगळी नव्याने काढली.

“का गं?”

“रेषा वाकड्या होत्या.”

“त्याला सांगितलंस?”

“त्याला राग आला असता. मग तो माझ्याशी बोललाच नसता.”

“आणि आता बोलतो?”

टोपण थांबलं. “नाही.”

मला हवं होतं ते तिथे सापडलं. सईला काम जड जात नव्हतं, माणसं जड जात होती. रात्रभर जागून तक्ता रंगवणं तिला सोपं होतं, पण “हे पुन्हा करशील का?” असं विचारणं अवघड. घरचे ज्याला मेहनत म्हणत होते, ती पळवाट होती. असं मूल ओळखायला मी आता फारशी चुकत नाही.

बाकीच्या चौघांनाही कामचुकार म्हणून मोकळं होता येत नाही. दोरी ओढणारी माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं. म्हणून माझा भर मुलांच्या स्वभावापेक्षा कामाच्या रचनेवर असतो. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलं होतं. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. दुसऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना, आणि परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची.

सईच्या बाईंनी पुढचा प्रकल्प असाच वाटून दिला. ज्याचा भाग त्याच्याच अक्षरात, आणि तोंडी प्रश्न दुसऱ्याच्या भागावर. सईने इतरांच्या कागदाला हात लावायचा नाही. आम्ही एकच वाक्य घोकलं: “मला हे कळलं नाही, सांगशील?”

ती आली ती कुरकुरतच. “गटातल्या त्या मुलाला ‘हे बदल’ म्हटलं, तर म्हणाला असंच छान दिसतं.”

“मग?”

“मग राहू दिलं.” थोडं थांबून, “तसं बरं दिसत होतं.”

पहिला नंबर आला असता तरी मला इतका आनंद झाला नसता.

तेव्हा मूल घरी आल्यावर कुणी किती काम केलं याचा हिशेब मागू नका. “आज कुणाशी कशावरून अडलं? मग काय ठरलं?” असं विचारा. तक्ता स्वतः पुरा करून देऊ नका, तो ओबडधोबडच जाऊ दे. बुजऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी माईकसमोर ढकलू नये. ज्याच्यावाचून गटाचं अडेल असा छोटा भाग त्याला मिळावा, एवढं बाईंना सांगा. गट तीन-चार जणांचा असला तर उत्तम. मोठ्या गटात लपायला जागा फार.

मात्र गटात मुलाची टिंगल होत असेल, त्याला मुद्दाम वगळत असतील, तर “शिकेल हळूहळू” म्हणत बसू नका. त्याच दिवशी शाळेत जा आणि गट बदलून घ्या.