मुंबई-आग्रा हायवेला कामं चालू आहेत, तर नाशिकहून भंडारदऱ्याला बुलेटवर जायला बघण्यासारखा रस्ता कोणता?

उत्तर देणार नव्हतो, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय ना की "मॅपवर तर आग्रा रोडच सगळ्यात फास्ट दिसतोय, मग आडवळणाने कशाला जायचं", ते वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमच्या दाजींनी दोन वर्षांपूर्वी जुलैत पाथर्डी फाट्यावर चहा पिताना म्हटलं होतं, आणि पाऊस लागला की माझा उजवा गुडघा अजून त्याची आठवण करून देतो.

दाजी ठाण्याचे. त्यांचा हायवेवर फार विश्वास. त्यांना आधी समृद्धीवरनंच गाडी काढायची होती, म्हटलं दाजी तिथं टू व्हीलरला घेतच नाहीत, तर म्हणे कोण बघतंय. ते कसंबसं टळलं. मी म्हणत होतो त्र्यंबक रोडने जाऊ, पहिनेवरून घोटीला उतरू. तर "अरे तासभर जास्त लागतोय, कशाला?" आता बहिणीचा नवरा, किती वाद घालणार, निघालो मागे मागे.

गोंद्यापर्यंत काही नाही. पुढे गोंदे ते पिंपरी सदो सहापदरीकरणाचं काम चालू होतं, मुंढेगावच्या अलीकडे अंडरपाससाठी सगळी वाहतूक खाली सर्व्हिस रोडवर उतरवलेली. सर्व्हिस रोड म्हणजे काय तर मुरूम टाकून दाबलेला, आणि जुलैच्या पावसात मुरूम म्हणजे नुसता गारा, गाडीचं मागचं चाक आपल्याला न विचारता हिंडतं. तिथून तरलो. खरा घोळ वर आल्यावर झाला. अर्ध्या रस्त्यावर नवीन डांबराचा थर, अर्धा खरवडलेला, मधे चार बोटं उंच कड. दाजींची बुलेट चढून गेली. माझ्या मागे डंपर, तो हॉर्न सोडेना, मी घाईत कड तिरपी घेतली, पुढचं चाक चढण्याऐवजी कडेला घासत गेलं आणि गाडी आडवी. स्पीड म्हणाल तर तीससुद्धा नसेल. आरसा गेला, लेगगार्ड वाकलं, गुडघा सोलला. डंपरवाल्याने ब्रेक मारला म्हणून हे टाईप करतोय.

गाडी उचलायला मागून एक दूधवाला थांबला, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. तो म्हणाला, "भाऊ, कड कधी तिरपी घ्यायची नाही, हळू करून सरळ आडवी घ्यायची. आन् आमी तर काम सुरू झाल्यापासून हिकडून येतच नाही, आज उशीर झाला म्हनून आलो." म्हणजे बघा, रोज चार कॅन दूध घेऊन जाणारा माणूस तो रस्ता टाळतो आणि आपण मॅप बघून आत शिरतो! दाजी दोन किलोमीटर पुढे जाऊन मग परत आले. घोटीत मेकॅनिक शोधण्यात दीड तास गेला, कुठला तासभर वाचला? पण अजून प्रत्येक लग्नात, प्रत्येक भाऊबीजेला स्टोरी काय सांगतात, तर "आमच्या साल्याला साधी गाडी सांभाळता येत नाही".

मॅपचं असं आहे की तो लाल-हिरवा रंग लोकांच्या मोबाईलच्या स्पीडवरून येतो. खरवडलेल्या रस्त्यावर गाड्या जरा पळत असतील तर त्याला सगळं निळंच. चार चाकं आरामात जातात तिथं दोन चाकं नाचतात, हे त्याला कसं कळणार? टू व्हीलर मोड लावला तरी रस्त्यातली कड काही दिसत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी नाशिकच्या सीबीएस एसटी स्टँडला जाऊन त्या रूटच्या एसटी ड्रायव्हरला विचारा. आणि नवं काँक्रीट तयार दिसतंय म्हणून बॅरिकेडच्या फटीतून घुसणारे बहाद्दर असतात, त्याला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात, म्हणून ते बंद असतं, कंत्राटदार झोपलाय म्हणून नाही. (झोपलेलेही असतात म्हणा.) त्यात 2027 चा सिंहस्थ, शहरातून बाहेर पडेपर्यंतच कुठं काय खणलेलं सापडेल सांगता येत नाही, तेव्हा सकाळी सातच्या आत शहर सोडा.

तर रस्ता. त्र्यंबक रोड, डावीकडे अंजनेरीचा डोंगर लागतो, तो तसाच सोडायचा नाही, नीट थांबून बघायचा, मग त्र्यंबकच्या अलीकडे पेगलवाडी फाट्याला डावीकडे. पहिने, मग वैतरणा धरणाचं पाणी, तिथून घोटी. घोटीत हायवे फक्त ओलांडायचा, त्याच्यावर रेंगाळायचं नाही. पुढे बारीवरून भंडारदरा, बारीला कळसूबाई, 1646 मीटर, ढग असले तर नुसता पायथा दिसेल. आग्रा रोडने 70 किमीच्या आसपास पडतं, इकडून 100 च्या आसपास. टाकी घोटीतच फुल करा. दुसरा रस्ता भगूर, पांढुर्ली, मग सिन्नर-घोटी रोडने घोटी. त्यात बघण्यासारखं कमी आहे, पण पहिन्याला गर्दी असेल तर तोच बरा.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पण असो. पहिन्याला पावसाळ्यात शनिवार-रविवारी जाऊ नका, धबधब्यापेक्षा माणसं जास्त. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आणि आदल्या रविवारी तर अजिबात नाही, ब्रह्मगिरीची फेरी असते, ती पहिन्यावरूनच जाते आणि खासगी गाड्या बऱ्याच अलीकडे अडवतात. आणि आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या दिवसात चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट रस्त्यावर येतात, त्यांनी सांडलेला चिखल वळणावर असतो आणि तो मुरमाइतकाच वाईट. म्हणजे माझा रस्ता काही गुळगुळीत आहे असं नाही. पण तिथं मागे डंपर नसतो.

राहायचं कुठे विचारलंय, ते मला माहीत नाही, आम्ही संध्याकाळपर्यंत घरी येणारी माणसं. दाजी, तुम्ही हे वाचणार मला माहितीये, ताईच पाठवेल. लेगगार्डचे साडेआठशे अजून बाकी आहेत.